रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांचे कुपोषण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वॉर्डात रोज विचारले जातात. काही नातेवाईकांचे आहेत, काही नव्याने रुजू झालेल्या परिचारिकांचे आणि निवासी डॉक्टरांचे. उत्तरे प्रौढ रुग्णांपुरती आहेत. त्यातील आकडे सर्वसाधारण असून प्रत्यक्ष रुग्णासाठी त्याचे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ठरवतील तेच प्रमाण मानावे.

कुपोषण म्हटले की मेळघाटातील बालके आठवतात. चांगल्या घरातील, दाखल झालेल्या प्रौढ माणसाला कुपोषण कसे असेल?

शरीराला लागणारी ऊर्जा आणि प्रथिने मिळत नाहीत आणि त्यामुळे स्नायू झिजू लागतात, तेव्हा त्या अवस्थेला कुपोषण म्हणतात. घरची परिस्थिती कशी आहे, याच्याशी तिचा संबंध असेलच असे नाही. कर्करोग, क्षयरोग, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार, पक्षाघात, मोठी शस्त्रक्रिया, दीर्घकाळचा ताप या साऱ्यांत एकीकडे भूक मरते आणि दुसरीकडे शरीरातील दाहामुळे (आजाराशी लढताना शरीरात उठणाऱ्या प्रतिक्रियेमुळे) स्नायू नेहमीपेक्षा वेगाने मोडले जातात. वेगवेगळ्या देशांतील पाहण्यांत, कोणती मोजपट्टी वापरली त्यानुसार, दाखल रुग्णांपैकी साधारण २० ते ५० टक्के कुपोषित किंवा त्याच्या उंबरठ्यावर असल्याचे आढळते. अमेरिकेतील डॉ. चार्ल्स बटरवर्थ यांनी १९७४ साली या प्रश्नाला रुग्णालयाच्या कपाटात दडवलेला सांगाडा म्हटले होते. पन्नास वर्षांनंतरही ते कपाट फारसे उघडले गेलेले नाही, असे माझे मत आहे.

घरी निदान दोन घास तरी खात होते. रुग्णालयात आल्यावर वजन आणखी का घटते?

याची कारणे किरकोळ वाटतात, पण ती साचत जातात. सोनोग्राफीसाठी सकाळपासून उपाशी ठेवलेल्या रुग्णाचा क्रमांक दुपारी लागतो, तोवर जेवणाची ट्रॉली निघून गेलेली असते. दुसऱ्या दिवशी एन्डोस्कोपी असते, तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. ताट येते तेव्हाच डॉक्टरांची फेरी सुरू असते. कवळी घरी राहिलेली असते. हाताला सलाईन लावलेले असल्याने पोळीचा तुकडा मोडता येत नाही आणि भरवायला कोणी नसते. त्यात मळमळ, तोंड येणे, बद्धकोष्ठता आणि शौचास जावे लागू नये म्हणून मुद्दाम कमी खाणे यांची भर पडते. हे शेवटचे कारण स्त्रिया सहसा बोलून दाखवत नाहीत, ते विचारावे लागते.

एका रुग्णालयात मी पाहिलेले एक आजोबा नवव्या दिवशी माझ्याकडे पाठवले गेले. केसपेपरवर वजनाच्या रकान्यात ‘अंदाजे ५५’ असे लिहिले होते आणि आहाराच्या रकान्यात रोज ‘नॉर्मल डाएट’. खाटेखालच्या पिशवीत गुंडाळलेल्या पोळ्या सापडल्या. स्वयंपाकघराला वाईट वाटू नये म्हणून ते ताट रिकामे करून परत पाठवत होते. वजनकाट्यावर उभे केले तेव्हा काटा ४७ वर थांबला. सुरुवातीचे वजन मोजलेलेच नव्हते, त्यामुळे नऊ दिवसांत किती घटले हे आम्हाला कधीच सांगता आले नाही.

दाखल होताना नेमके काय तपासावे?

पहिली पायरी चाळणीची, म्हणजे धोक्यातील रुग्ण वेगळे काढण्याची. ती पाच मिनिटांत होते आणि परिचारिकाही ती करू शकतात. प्रौढांसाठी ‘मस्ट’ ही २००३ साली ब्रिटनमध्ये आलेली मोजपट्टी सोपी आहे. तिच्यात बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) २० पेक्षा जास्त असल्यास ०, १८.५ ते २० असल्यास १ आणि १८.५ पेक्षा कमी असल्यास २ गुण दिले जातात. गेल्या तीन ते सहा महिन्यांत नकळत घटलेले वजन ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ०, ५ ते १० टक्के असेल तर १ आणि त्याहून जास्त असेल तर २ गुण. तीव्र आजारामुळे पाच दिवसांहून अधिक काळ पोटात काही गेलेले नसेल किंवा जाण्याची शक्यता नसेल, तर आणखी २. एकूण २ किंवा अधिक गुण म्हणजे धोका मोठा, आणि अशा रुग्णाला त्याच दिवशी आहारतज्ज्ञाकडे पाठवावे. अनेक रुग्णालये ‘एनआरएस २००२’ वापरतात. तिच्यात आजाराच्या तीव्रतेलाही गुण असतात, सत्तरी ओलांडलेल्यांना एक गुण जास्त मिळतो आणि ३ गुणांपासून उपचार सुरू करावे लागतात. मोजपट्टी कोणती यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. रुग्णालयाने एक ठरवावी आणि ती प्रत्येक रुग्णासाठी, दाखल झाल्यापासून २४ तासांत वापरावी.

टक्केवारी काढताना आजचे वजन नेहमीच्या वजनातून वजा करून नेहमीच्या वजनानेच भागायचे असते. दिवाळीत ६० किलो असलेला माणूस चार महिन्यांनी ५३ किलो भरला, तर ७ भागिले ६०, म्हणजे जवळपास १२ टक्के. त्याचा बीएमआय २१ असला, तरी तो धोक्यातच आहे. नेहमीचे वजन आठवत नसेल तर पट्ट्याचे भोक, सैल झालेली अंगठी, बांगड्या, ब्लाउज किंवा लग्नसमारंभातील फोटो याविषयी विचारावे. यातून मिळणारी माहिती बहुधा खरी निघते.

चाळणीत सापडलेल्या रुग्णाचे निदान कसे पक्के करतात?

सध्या ‘ग्लिम’ हे आंतरराष्ट्रीय निकष वापरले जातात. शरीरावर दिसणारी तीन लक्षणे म्हणजे वजनातील घट, कमी बीएमआय आणि घटलेले स्नायू. कारणे दोन : आहार किंवा त्याचे शोषण कमी होणे, आणि आजाराचा दाह. लक्षणांतील किमान एक आणि कारणांतील किमान एक आढळल्यास कुपोषणाचे निदान होते. आशियाई रुग्णांसाठी सत्तरीच्या आत १८.५ आणि त्यानंतर २० पेक्षा कमी बीएमआय हा कमी धरला जातो.

निकष कागदावर असले तरी निदान बरेचसे हातांनीच होते. कानशिलांजवळचा खळगा, गळ्याजवळची वर आलेली हाडे, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला बसलेला उंचवटा, मांडीचा पुढचा भाग आणि पोटरी हे सारे पांघरूण बाजूला केल्याशिवाय दिसत नाही. हाताच्या पकडीची ताकद मोजणारे साधे यंत्र असेल तर फारच चांगले, कारण स्नायूंची ताकद त्यांच्या आकाराआधी कमी होते. आशियाई प्रौढांत पुरुषांची पकड २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांची १८ किलोपेक्षा कमी असल्यास ती कमकुवत समजतात.

रुग्ण उठूच शकत नसेल तर वजन आणि उंची कशी मोजायची?

कोपराच्या टोकापासून मनगटाच्या हाडापर्यंतची लांबी मोजून तक्त्यावरून उंचीचा अंदाज काढता येतो. दंडाचा घेर २३.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर बीएमआय २० पेक्षा कमी असण्याची शक्यता मोठी असते. मोजपट्टी खिशात मावते, म्हणून ‘वजन घेता आले नाही’ हा शेरा मला पटत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. पायावर सूज किंवा पोटात पाणी असेल तर काट्यावरचे वजन फसवे असते. जलोदराच्या रुग्णाचे वजन वाढत असताना त्याचे दंड काडीसारखे होत असतात.

जाड माणूस कुपोषित असू शकतो का?

होय, आणि तो हमखास नजरेतून सुटतो. नव्वद किलोचा मधुमेही रुग्ण पायाच्या जखमेमुळे महिनाभर अंथरुणाला खिळला आणि दहा किलोंनी उतरला, तर घरचे खूश होतात. त्या दहा किलोंत स्नायू किती गेले हे जखम न भरण्यातून, वारंवार होणाऱ्या संसर्गातून आणि खुर्चीतून उठता न येण्यातून कळते. आजारपणात नकळत कमी झालेले वजन ही कोणत्याही जाडीच्या माणसासाठी चांगली बातमी नसते.

रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन कमी आले आहे. म्हणजे प्रथिने कमी पडली का?

तसे समजण्याची पद्धत जुनी आहे, पण ती चुकीची आहे. शरीरात दाह असताना यकृत अल्ब्युमिन कमी बनवते आणि ते रक्तवाहिन्यांतून बाहेरही झिरपते. त्यामुळे न्यूमोनियाच्या धडधाकट रुग्णाचे अल्ब्युमिन दोन दिवसांत खाली येते आणि उपासमार सहन केलेल्या, पण संसर्ग नसलेल्या माणसाचे ते दीर्घकाळ ठीक राहू शकते. कमी अल्ब्युमिन आजार गंभीर असल्याचे सांगते, आहाराविषयी फारसे काही सांगत नाही. म्हणूनच आहार सुधारण्यासाठी अल्ब्युमिनची महागडी बाटली चढवण्याचा उपयोग नसतो. तिचे वैद्यकीय उपयोग वेगळे आहेत आणि ते डॉक्टरच ठरवतील.

काही खात नाहीत, निदान ताकदीचे सलाईन तरी लावा. यात काय चुकले?

मागणी प्रेमापोटी केलेली असते, म्हणून हिशोब मांडून दाखवतो. साध्या सलाईनमध्ये पाणी आणि मीठ असते, ऊर्जा शून्य. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते आणि त्यातून सुमारे ८५ कॅलरी मिळतात. म्हणजे चार तास चढणाऱ्या त्या बाटलीत एका मध्यम पोळीएवढीच ऊर्जा असते आणि प्रथिने मुळीच नसतात. सलाईन शरीरातील पाण्याची कमतरता भरून काढते. त्यामुळे तरतरी वाटते, आणि तिलाच आपण ताकद समजतो.

मग दिवसाला किती आहार लागतो?

बहुतेक प्रौढ रुग्णांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे २५ ते ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. पन्नास किलोच्या रुग्णासाठी हे साधारण १५०० कॅलरी आणि ६० ग्रॅम प्रथिने होतात. कॅलरी भात, साबुदाणा, बिस्किटे आणि साखरेच्या चहाने कशाबशा भरतात, अडते ते प्रथिनांपाशी. दोन अंडी १२ ग्रॅम, दिवसभरात तीन पेले दूध किंवा तेवढेच दही १९ ग्रॅमच्या आसपास, दोन वाट्या घट्ट वरण १२, दोन पोळ्या आणि वाटीभर भात मिळून १०, मूठभर शेंगदाण्याचे कूट ७, अशी बेरीज केली तर साठ गाठता येतात. अंडी चालत नसतील तर पनीर, सोयाबीन किंवा सातूचे पीठ घ्यावे. हे सारे तीन ताटांत मावत नाही. भूक मेलेल्या माणसाला भरलेले ताट पाहूनच शिसारी येते, म्हणून सहा वेळा थोडे थोडे द्यावे आणि सर्वांत मोठा वाटा सकाळी, भूक बरी असते तेव्हा द्यावा. वरणावर चमचाभर तूप, खिमटीत दूध पावडर, उपम्यात शेंगदाणे अशा भरीने घासांची संख्या न वाढवता पोषण वाढवता येते.

मुगाचे पाणी, तांदळाची पेज आणि नारळपाणी देतो आहोत. ते हलके असते ना?

हलके असते, कारण त्यात फारसे काही नसतेच. डाळीवरच्या निवळ पाण्याच्या वाटीत जेमतेम एक-दोन ग्रॅम प्रथिने असतात. एखाद्या दिवसापुरती पेज ठीक, पण आठवडाभर तीच दिली तर ती उपासमार ठरते. पेज द्यायचीच असेल तर दुधातली द्यावी. मूग घोटून, गाळणीशिवाय द्यावेत. नाचणीची आंबील ताकाऐवजी घट्ट दह्यात करावी. मूत्रपिंडाच्या रुग्णाला नारळपाणी आणि मोसंबीचा रस विचारल्याशिवाय देऊ नये, कारण त्यातील पोटॅशियम हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकते.

किडनीचा किंवा लिव्हरचा आजार असल्याने प्रोटीन बंद केले आहे. बरोबर आहे का?

डायलिसिस सुरू असलेल्या रुग्णाचे प्रथिन बंद करणे ही मोठी चूक आहे. डायलिसिसमध्ये अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, वाहून जातात आणि त्याला किलोमागे साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. डायलिसिस सुरू नसलेल्या जुन्या मूत्रपिंडविकारात मर्यादा घालतात, पण ती मोजून घातलेली असते आणि रुग्ण दाखल असताना तिचा पुन्हा विचार करावा लागतो. यकृताच्या सिऱ्होसिसमध्येही (यकृत कठीण होत जाण्याच्या आजारात) डाळ-दूध तोडण्याचा जुना सल्ला आता मागे पडला आहे. तिथे १.२ ते १.५ ग्रॅमची शिफारस आहे. शिवाय झोपण्यापूर्वी एक खाणे आवश्यक असते, कारण अशा यकृतात साखरेचा साठा राहत नाही आणि एका रात्रीच्या उपाशीपोटीही शरीर स्नायू मोडायला लागते.

प्रोटीन पावडरचे डबे घ्यावेत का?

जेवण सुधारूनही गरज भागत नसेल तर घ्यावेत, पण जेवणाच्या जागी नव्हे, दोन जेवणांच्या मध्ये. अशा पूरक आहारातून दिवसाला किमान ४०० कॅलरी आणि ३० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे युरोपीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. डब्याच्या मागचा तक्ता वाचला की लक्षात येते की दोन चमचे पावडर पाण्यात मिसळून त्याच्या जवळपासही जाता येत नाही. ‘ताकदीसाठी’ विकल्या जाणाऱ्या काही पावडरी मुख्यतः साखर आणि माल्ट असतात. परवडत नसेल तर दुधात दूध पावडर आणि भाजलेल्या शेंगदाण्याचे बारीक कूट हा घरगुती पर्याय वाईट नाही.

नाकातून नळी घालायला सांगितले आहे. म्हणजे शेवटची अवस्था आहे का?

नाही. पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागणे, पाणी प्यायल्यावर आवाज ओलसर घोगरा होणे किंवा गालात घास साठून राहणे, ही अन्न श्वासनलिकेत जात असल्याची चिन्हे असू शकतात. तिथे चमच्याने भरवण्याचा आग्रह जिवावर बेततो. अनेकांची नळी काही आठवड्यांत निघते. अतिदक्षता विभागातही, आतडे चालू असेल आणि रक्तदाब सावरलेला असेल, तर ४८ तासांच्या आत नळीने आहार सुरू करणे हिताचे असते.

भरवताना आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास डोके ३० ते ४५ अंश उंच असावे. दर वेळी आधी नळीवरची खूण जागेवर आहे का ते पाहावे आणि शेवटी २० ते ३० मिलिलिटर पाणी सोडावे. गोळ्यांची पूड आहारात मिसळू नये, नळी तुंबते. घरी मिक्सरमधून काढलेला आहार दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. तो नळीतून जावा म्हणून पातळ केला की त्यातील पोषणही पातळ होते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

टीपीएन कधी देतात?

आतडे बंद असेल, फाटले असेल किंवा पुरेसे उरले नसेल, तेव्हा. शिरेतून दिला जाणारा हा संपूर्ण आहार महाग असतो आणि त्यात संसर्गाची जोखीम असते. आतडे थोडे जरी चालत असेल तरी आधी ते वापरावे.

वडील वीस दिवस जवळजवळ उपाशी होते. मग डॉक्टर इतके थोडे का देत आहेत?

कारण अशा शरीराला एकदम भरपूर अन्न देणे धोक्याचे असते. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटका झालेल्या उपाशी युद्धकैद्यांपैकी काही जण पोटभर जेवण मिळाल्यावर सुजले, त्यांचे हृदय कोलमडले आणि काही दगावले. उपासमारीत शरीर चरबीवर चालते आणि पेशींतील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम यांचे साठे हळूहळू रिते होतात. रक्ततपासणीत मात्र आकडे बरे दिसू शकतात. अशा वेळी साखर पोटात गेली की इन्सुलिन वाढते आणि उरलेसुरले क्षार पेशींत ओढले जातात. रक्तातील फॉस्फेट घसरले की श्वासाचे स्नायू थकतात, पोटॅशियम घसरले की ठोके बिघडतात. साखर वापरायला लागणारे थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, संपले तर मेंदूला इजा होते. दारूचे व्यसन असलेल्या रुग्णांत ही भीती अधिक असते.

बीएमआय १६ पेक्षा कमी, तीन ते सहा महिन्यांत १५ टक्क्यांहून अधिक घट, दहा दिवसांहून जास्त काळ अन्न नगण्य किंवा हे क्षार आधीच कमी, यांपैकी एकही असले तरी धोका मोठा समजतात. अशा रुग्णाला ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या सूचनेनुसार पहिल्या दिवशी किलोमागे १० कॅलरींपेक्षा जास्त देत नाहीत आणि चार ते सात दिवसांत हळूहळू पूर्ण गरजेपर्यंत नेतात. ४५ किलोंच्या रुग्णासाठी हे पहिल्या दिवशी ४५० कॅलरी होतात. तुमच्या वडिलांसारख्या वीस दिवसांच्या उपासमारीनंतर तर सुरुवात याच्याही निम्म्याने करतात. अन्नाआधी थायमिन देतात आणि पहिले तीन-चार दिवस क्षार रोज तपासतात. म्हणून त्या दिवसांत कोणी प्रेमाने बासुंदीचा डबा आणला, तर तो परिचारिकांना दाखवल्याशिवाय उघडू नये.

शस्त्रक्रियेआधी रात्री दहापासून उपाशी राहायलाच हवे का?

बहुतेक नियोजित शस्त्रक्रियांसाठी घन आहार सहा तास आधीपर्यंत आणि निवळ पेये दोन तास आधीपर्यंत चालतात. मधुमेहात किंवा जठर उशिरा रिकामे होणाऱ्यांत नियम वेगळे असू शकतात, म्हणून भूलतज्ज्ञांना विचारावे. शस्त्रक्रिया पुढे गेली तर ‘आता जेवण देऊ का’ हे नातेवाईकांनी लगेच विचारावे. हा प्रश्न कोणी विचारला नाही, तर रुग्ण दिवसभर उपाशी राहतो.

आई रुग्णालयातही चतुर्थी आणि गुरुवार सोडत नाही. काय करावे?

वाद घालू नये, त्यातून ती दुसरा डबाही नाकारते. साबुदाण्यात जवळजवळ प्रथिने नसतात, पण दूध, दही, पनीर, शेंगदाणे आणि राजगिरा उपवासाला चालतात. त्या दिवशी त्यांवर भर द्यावा. जैन रुग्ण सूर्यास्तानंतर जेवत नसेल, तर साडेसातच्या ट्रॉलीचा त्याला उपयोग नाही. हे पहिल्याच दिवशी स्वयंपाकघराला कळवावे.

क्षयरोगात आहाराचा खरोखर फरक पडतो का?

पडतो, आणि त्याचा पुरावा भारतातलाच आहे. झारखंडमधील ‘रेशन्स’ या अभ्यासात २८०० क्षयरुग्णांना दरमहा १० किलो शिधा दिला गेला. त्यात तांदूळ, डाळ, दूध पावडर आणि तेल होते. पहिल्या दोन महिन्यांत वजन ५ टक्क्यांनी वाढलेल्या रुग्णांत मृत्यूचा धोका बराच कमी दिसला. घरातील इतरांनाही शिधा मिळालेल्या कुटुंबांत नवे क्षयरोगी सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. क्षयरुग्णांसाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेखाली रुग्णाच्या खात्यात दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १००० रुपये झाली आहे. खाते जोडलेले आहे का, हे सुट्टी मिळण्यापूर्वीच तपासून घ्यावे.

इतर आजारांत एवढा खटाटोप उपयोगी ठरतो का?

स्वित्झर्लंडमधील आठ रुग्णालयांत दोन हजारांहून अधिक धोक्यातील रुग्णांवर झालेला ‘एफर्ट’ अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना आहारतज्ज्ञाने आखलेला आहार मिळाला, तर उरलेल्यांना नेहमीचे रुग्णालयीन जेवण. तीस दिवसांत पहिल्या गटातील ७ टक्के आणि दुसऱ्या गटातील १० टक्के रुग्ण दगावले. हा फरक महागड्या औषधाने पडला असता, तर त्याची जाहिरात सगळीकडे दिसली असती.

घरी सोडताना काय लिहून घ्यावे?

डिस्चार्ज कार्डावर त्या दिवशीचे मोजलेले वजन, कुपोषणाचे निदान असल्यास ते शब्दांत, रोजच्या प्रथिनांचे उद्दिष्ट आणि पूरक आहार किती दिवस घ्यायचा, एवढे असावे. ‘पौष्टिक आहार घ्या’ या ओळीने काही होत नाही. घरी आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी शौचानंतर वजन करून कॅलेंडरवर लिहावे. लागोपाठ दोन आठवडे घट दिसली किंवा अचानक दोन-तीन किलो वाढले आणि पायावर सूज आली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवावे. रोज थोडे चालणे किंवा खुर्चीतून दहा वेळा उठबस करणेही सांगून घ्यावे, कारण अंथरुणात पडून खाल्लेल्या अन्नाचे स्नायू फारसे होत नाहीत. आणि ते कॅलेंडर फेरतपासणीला बरोबर आणावे.